विळद घाट की लोणी? प्रायव्हेट आणि डीम्ड मेडिकल कॉलेजांतला खरा फरक

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नात्यातल्या चार मुलांचे एमबीबीएसचे फॉर्म मी शेजारी बसून भरून घेतलेत, त्यामुळे. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, सरकारी नाही मिळालं तर प्रायव्हेट-डीम्डमध्ये कुठलं चांगलं?" हा जोडशब्दच मुळात घात करतो. प्रायव्हेट वेगळं आणि डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठाचं, वेगळं. दोन्ही खासगी संस्था चालवतात, एवढ्यावरून त्यांना एका माळेत ओवायचं कारण नाही.

सरकारी कॉलेजांचं गणित सगळ्यांना पाठ आहे. १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात, ८५ टक्के राज्याच्या, फी सगळ्यांत कमी. मिळत असेल तर घ्या, त्यावर चर्चा नको.

आधी एक भीती काढून टाकते. डीम्डची डिग्री कमी दर्जाची किंवा 'विकतची' नसते. नीट दोघांनाही लागते, मान्यता राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचीच, साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप दोन्हीकडे, नोंदणीही शेवटी त्याच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये. प्रायव्हेटची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, डीम्ड स्वतःची परीक्षा स्वतः घेतं. बाहेरच्या परीक्षेचा धाक बरा, असं मला वाटतं, पण एवढ्यावरून कॉलेज ठरवू नका.

खरा फरक दोनच गोष्टींत आहे. प्रवेश कोण देतं आणि फी कोण ठरवतं. बाकीचं सगळं त्यातून येतं.

प्रायव्हेट कॉलेजचा प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, राउंडमधून होतो. डीम्डचा प्रवेश दिल्लीची एमसीसी (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) करते, तिचं पोर्टल वेगळं, नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. माझ्या मावसभावाने मुलीचा सीईटी सेलचा फॉर्म व्यवस्थित भरला आणि पुण्याकडचं एक डीम्ड कॉलेज यादीत कधी दिसेल याची वाट बघत बसला. ते त्या यादीत येणारच नव्हतं. कळलं तोवर एमसीसीची पहिल्या फेरीची नोंदणी संपली होती. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

नावांवरून जाल तर फसाल. अहिल्यानगर जिल्ह्यात विखे पाटील नावाशी जोडलेली दोन मेडिकल कॉलेजं आहेत. विळद घाटातलं प्रायव्हेट, लोणीचं डीम्ड. पुण्यात काशीबाई नवले प्रायव्हेट, भारती विद्यापीठ डीम्ड. डी. वाय. पाटील पिंपरीचं असो, नेरुळचं असो की कोल्हापूरचं, डीम्डच. कराडचं कृष्णा आणि वर्ध्याजवळचं सावंगी मेघे हीसुद्धा डीम्ड. सोलापूरचं अश्विनी आणि तळेगावचं मायमर प्रायव्हेट. नाव कुठलंही असो, एकच विचारा: सीईटी सेलच्या यादीत आहे की एमसीसीच्या?

आता फी. प्रायव्हेट कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. २०१५ च्या कायद्याने कॉलेजला हिशेब मांडावा लागतो. डीम्ड आपली फी आपल्या पातळीवर ठरवतं, राज्याच्या प्राधिकरणाचा तिथे हात पोचत नाही. उदाहरणादाखल, वर्षाला १३ लाख घेणारं प्रायव्हेट आणि २५ लाख घेणारं डीम्ड घ्या. साडेचार वर्षांचे एकीकडे साडेअठ्ठावन्न लाख, दुसरीकडे १ कोटी साडेबारा लाख. होस्टेल-मेस वेगळी. फी साडेचार वर्षांची घेणार की पाच, हे लेखी विचारा.

आणि जी गोष्ट लोक हमखास विसरतात ती ही: राज्याच्या सवलती कॅपला चिकटलेल्या असतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींची कॉलेजची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली. कॅपमधून प्रायव्हेट कॉलेजात गेलेल्या मुलीला ती मिळते. खासगी डीम्डला ती योजना लागूच नाही. जातीच्या आरक्षणाचंही तसंच. अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर प्रायव्हेटमध्ये ते सरकारीच्या निम्म्या प्रमाणात आहे, खासगी डीम्डमध्ये राज्याचं आरक्षण नाही. मुलगी ओबीसी असताना आणि प्रायव्हेटची जागा हाताशी असताना 'मोठं नाव' म्हणून डीम्डचा चेक फाडणारे आईबाप मी पाहिलेत. पोटात कालवतं.

उलट बाजूही सांगते. कॅपच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, शिवाय डोमिसाईल. बारावी राजस्थानातल्या कोटा शहरातून दिलेल्या मुलाचा हा रस्ता साधारणपणे बंद होतो. डीम्ड असली अट घालत नाही. बदलीच्या नोकरीमुळे परराज्यात शिकलेल्या मराठी मुलांना खासगी कॉलेजच हवं असेल तर डीम्ड हाच सरळ मार्ग उरतो. अकरावीलाच हे ठाऊक हवं.

"डीम्डला मॅनेजमेंट कोट्यातून आतून सेटिंग लावतो" म्हणणारा एजंट घरात येऊ देऊ नका. डीम्डच्या सगळ्या जागा, एनआरआयसकट, एमसीसीच वाटते. १५ टक्क्यांचा इन्स्टिट्यूशनल कोटा प्रायव्हेटमध्ये असतो, फी कित्येक पट, आणि तोही नीटच्या गुणांवरच.

माझा सल्ला ठाम आहे: कर्ज काढून शिकायचं असेल तर आधी प्रायव्हेटची पूर्ण यादी भरा, अगदी सिंधुदुर्गातलं पडवेसुद्धा. डीम्डची नोंदणी करायची तर करा, पण २ लाखांची अनामत भरावी लागते हे लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत परत मिळते, पुढच्या फेऱ्यांत बुडू शकते. म्हणून घ्यायचीच नाहीत ती कॉलेजं दुसऱ्या फेरीत यादीत टाकू नका.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑडिटोरियम दाखवतील, जिम दाखवतील. सोमवारी सकाळी १० वाजता जा आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग बघा. नंतर वॉर्डातल्या खाटा मोजा, किती भरल्यात ते.