पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, डिस्क कुठं आहे?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांची नजर आधी गोदाघाटाकडे जाते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की सराफ बाजार, भांडी बाजारात आवराआवर सुरू होते. माल वर जातो, वह्या वर जातात, कॉम्प्युटरही माळ्यावर जातो. बॅकअपची एक्स्टर्नल हार्ड डिस्क मात्र बहुतेक ठिकाणी त्याच कॉम्प्युटरला लोंबकळत असते, नाहीतर त्याच टेबलाच्या खणात असते. पूर, आग, चोरी, काहीही झालं तरी दोन्ही प्रती एकदमच जाणार. मूळ प्रतीवर जे संकट येईल ते जिच्यावर येणार नाही, तीच खरी दुसरी प्रत.

संकट वायरीतूनही येतं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारख्या रॅन्समवेअरनं (खंडणीसाठी फायली अडवणाऱ्या प्रोग्रामनं) कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. म्हणून कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, चोवीस तास जोडलेली नको. सर्वांत साधी चूक वेगळीच आहे: लॅपटॉप भरला म्हणून फोटो कट करून एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट करायचे आणि त्याला बॅकअप म्हणायचं. प्रत तेव्हाही एकच असते, फक्त तिचं घर बदललेलं असतं.

डिस्क घेताना आपल्याकडच्या डेटाच्या निदान दुप्पट क्षमतेची घ्यावी, कारण जुन्या आवृत्त्यांनाही जागा लागते. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी एक टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचा, निर्णय कॉपी सुरू करण्याआधीच घ्यावा, कारण नंतर फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. फॅट३२ वर चार जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ 'फाइल टू लार्ज' म्हणत अडतो तो इथेच, मग डिस्कवर कितीही जागा मोकळी असो. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस घ्या. मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही, म्हणून दोन्हींकडे वापरायची असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटची एक खोड आहे. मोठ्या डिस्कवर ते प्रत्येक फायलीला साधारणपणे १२८ केबीच्या पटीत जागा देतं. फाइल दोन केबीची असली तरी १२८ केबी अडतात, आणि अशा एक लाख बारीक फायलींना सुमारे १३ जीबी लागतात. कॉपी झाल्यावर पडताळताना 'साइज ऑन डिस्क' हा आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नये. 'साइज' आणि फायलींची संख्या जुळली पाहिजे.

आता वेग. यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम ३५ एमबी मिळतात, म्हणजे ५०० जीबीला सुमारे चार तास. तीच डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला (आतली पट्टी बऱ्याचदा निळी असते) ११० एमबीच्या आसपास चालली तर सव्वा तासात काम होतं. हे मोठ्या फायलींचं गणित झालं. बारीक फायलींमध्ये डिस्कच्या हेडला (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) प्रत्येक वेळी जागा शोधत फिरावं लागतं आणि वेग सेकंदाला एक-दोन एमबीवर येतो. अशा फोल्डरची आधी एकच झिप फाइल करून ती कॉपी केली तर फरक लगेच दिसतो.

कधी कधी पहिली वीस मिनिटं कॉपी धावते आणि मग रांगायला लागते. डिस्क बिघडली असं वाटतं, पण स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा वेगळंच चाललेलं असतं. त्यांतल्या अनेकींत डेटाच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची ओळही काढून परत बसवावी लागते. डिस्क आधी एका राखीव भागात भराभर लिहून घेते. तो भरला की कौलं हलवायचं काम सुरू होतं आणि वेग कोसळतो. रात्री लावून ठेवावी, ती सावकाश का होईना, काम पुरं करते.

डिस्क चालू असताना मात्र तिला हलवू नका. आतली तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हेड तिच्यावर काही मोजक्या नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगतं. आपला केस सुमारे ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ती फट किती असेल ते बघा. चालू डिस्क टेबलावरून पडली तर हेड तबकडीवर घासतं आणि खरवडलेला डेटा कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. उष्णतेचंही तसंच. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात ५ ते ३५ अंश सेल्सिअस अशी मर्यादा असते आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या दुपारी पारा पस्तिशी सहज ओलांडतो. पहिली मोठी कॉपी रात्री करण्याचं हे आणखी एक कारण.

काय कॉपी करायचं, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. विंडोजमधली फाइल हिस्ट्री (कंट्रोल पॅनल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, फाइल हिस्ट्री, टर्न ऑन) डिस्क जोडलेली असेपर्यंत, सेटिंग बदललं नसेल तर दर तासाला, नव्या आवृत्त्या ठेवते. जुनी आवृत्ती परत मिळते हा तिचा मोठा गुण. पण ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक ठिकाणंच घेते. डी ड्राइव्हवरचं फोल्डर लायब्ररीत जोडलं नाही तर ते राहून जातं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तर स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. तो टॅलीच्याच बॅकअप आज्ञेनं घ्यावा (टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय, मग बॅकअप). कंपनी उघडी असताना फोल्डर कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेल्या फायली हाती येण्याचा धोका असतो.

छापखाने आणि डीटीपीवाल्यांसाठी खास: जुन्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका श्रीलिपी किंवा तशाच युनिकोड-पूर्व फाँटमध्ये असतील तर ते फाँट आणि सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलरही डिस्कवर हवं. नाहीतर फाइल सुखरूप परत येते, उघडते, आणि तिच्यात 'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मराठीत फाइलचं नाव देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 'श्रीकृष्ण' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण काने, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून कॉम्प्युटर त्यात नऊ धरतो. फोल्डरांसकट फाइलचा पूर्ण पत्ता अशा २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक प्रोग्राम अडतात, त्यामुळे फोल्डरात फोल्डरात फोल्डर अशी रचना मराठीत लवकर संपते.

मिरर पद्धतीनं, म्हणजे डिस्क मूळ जागेसारखी हुबेहूब ठेवत, कॉपी करणारी साधनं जपून वापरावीत. मूळ जागी चुकून पुसलेली फाइल ती डिस्कवरूनही इमानदारीत पुसतात.

डिस्क टक-टक करत असेल आणि दिसत नसेल तर आधी एकदाच केबल आणि पोर्ट बदलून पाहा. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही, तबकडी नीट फिरायला लागत नाही आणि आवाज तोच येतो. मागच्या पोर्टलाही टकटक सुरूच राहिली तर लगेच बंद करा. अशा वेळी दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे मोडक्या पायानं धावायला लावणं. धोका आधी कळावा म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात 'रिअलोकेटेड सेक्टर्स' (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (संशयास्पद जागा) हे आकडे बघावेत. शून्यावरून वर सरकायला लागले की नवी डिस्क आणावी, वॉरंटी शिल्लक असली तरी. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही.

हे सगळं जमवायला दोन डिस्क लागतात. एक दुकानात, दुसरी नदीपासून लांब, सिडकोत किंवा इंदिरानगरला घरी. दोन्हींवर 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या चिकटवा आणि दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, त्यांची अदलाबदल करा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. घरी नेलेल्या डिस्कवरच्या चार-पाच फायली तिथल्या लॅपटॉपवर उघडून पाहा, आणि त्यातली एक तरी मागच्या वर्षीची असू द्या.