जे-टूचा पहिला हंगाम: १९९९ची पार्श्वभूमी

जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉलची दुसरी श्रेणी, म्हणजे जे-टू, मार्च १९९९ मध्ये सुरू झाली. संघ होते दहा, आणि प्रत्येकाची कुळकथा वेगळी. कावासाकी फ्रोंताले मूळचा फुजित्सू कंपनीचा, एफसी टोकियो हा टोकियो गॅसचा. ओमिया अर्दिजा एनटीटीतून आला, मोंतेदिओ यामागाता एनईसीच्या कारखान्यातून, तर सेंदाईच्या संघाचं मूळ तोहोकूच्या वीज कंपनीत. सप्पोरोची गंमत निराळी. तो कावासाकीतला तोशिबाचा संघ. १९९६ मध्ये अख्खा उचलून उत्तरेला होक्काइदोत नेला. तोसूतला आधीचा संघ १९९७च्या सुरुवातीला पैशांअभावी गुंडाळला गेला, मग चाहत्यांनी खटपट करून त्याच गावात सागान तोसू उभा केला. उरलेले कोफू, नीगाता आणि ओइता. यांच्यामागे कुठलीही एक मोठी कंपनी नव्हती.

कंपनीचा संघ ही जपानी फुटबॉलची जुनी व्यवस्था. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी जर्मनीहून आलेले प्रशिक्षक डेटमार क्रामर यांनी देशव्यापी लीग सुरू करा असा आग्रह धरला आणि १९६५ साली आठ संघांची जपान सॉकर लीग सुरू झाली. खेळाडू पगारी नोकर. कामाचे तास संपवून सरावाला जायचे. मुंबईतलं टाइम्स शील्डचं, म्हणजे कंपन्यांच्या संघांचं क्रिकेट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. १९७२ मध्ये या लीगला दुसरी श्रेणीही जोडली गेली. पण १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधल्या कांस्यपदकाची हवा ओसरल्यावर प्रेक्षागार रिकामे पडत गेले.

त्यावरचा उपाय म्हणजे १९९३ची व्यावसायिक जे-लीग. अध्यक्ष साबुरो कावाबुची यांचा हट्ट असा, की क्लबच्या नावात गाव हवं, कंपनी नको. हा हट्ट सगळ्यांच्या पचनी पडला नाही, विशेषतः व्हेर्दी क्लबचे मालक असलेल्या योमिउरी वृत्तसमूहाच्या. माझ्या मते पुढे जे घडलं त्याने कावाबुचींचीच बाजू खरी ठरवली. फक्त त्यांनाही ते इतक्या लवकर आणि इतक्या कडू रूपात नको असणार.

सुरुवातीची लाट मोठी होती. १९९४ मध्ये सामन्यामागे सरासरी १९,५९८ प्रेक्षक येत, १९९७ मध्ये ते १०,१३१ वर आले. त्यात जपानची अर्थव्यवस्था मंदीत. नावातून कंपन्या गेल्या होत्या, पण बिलं त्याच भरत होत्या, आणि आता त्या हात आखडू लागल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये धक्का बसला: योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन होणार. बांधकाम क्षेत्रातली सातो कोग्यो बाहेर पडली होती आणि ऑल निप्पॉन एअरवेजला एकटीने भार नको होता. खेळाडूंना आणि चाहत्यांना कुणी विचारलंच नाही. त्या संघाने मग १ जानेवारी १९९९ रोजी सम्राट चषक या देशभरच्या बाद स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला आणि जिंकून संपला. चाहत्यांनी पैसे गोळा करून योकोहामा एफसी काढला, तो २००१ मध्ये जे-टूत आला.

फ्लुगेल्स गेल्यावर पहिल्या श्रेणीत १७ क्लब उरले. हवे होते १६. त्यासाठी १९९८च्या अखेरीस पाच संघांची पात्रता फेरी झाली. खालून वर येऊ पाहणारा कावासाकी फुकुओकाविरुद्ध त्याच्याच गावात अगदी शेवटापर्यंत २-१ ने पुढे होता. भरपाईच्या वेळेत बरोबरी झाली, जादा वेळेत फुकुओकाचा गोल बसला, आणि तिथे पहिल्या गोलालाच सामना संपायचा. खेळ खलास. पुढे सप्पोरोही हरला आणि थेट खालच्या श्रेणीत आलेला पहिला क्लब ठरला. जपानला पहिल्यांदा विश्वचषकात नेणारे प्रशिक्षक ताकेशी ओकादा पुढच्याच वर्षी या सप्पोरोच्या बाकावर बसले. तरी संघ पाचवाच आला.

हंगामाची रचना अशी: प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण ३६ सामने. नव्वद मिनिटांत जिंकलात तर तीन गुण, जादा वेळेत पहिला गोल करून जिंकलात तर दोन, तरीही बरोबरीच राहिली तर एक. पहिले दोघे वर जाणार. कावासाकीने ७३ गुण मिळवून वर्षापूर्वीचं उट्टं काढलं. खरी चुरस दुसऱ्या जागेची होती.

२१ नोव्हेंबरच्या सकाळी ओइता ६२, टोकियो ६१. ओइता त्रिनिता हा १९९४ साली काढलेला संघ. प्रांतिक लीगपासून भराभर वर चढलेला, पाठीशी प्रांताचं प्रशासन आणि २००२च्या विश्वचषकाचे सामने आपल्याकडे घ्यायची ईर्ष्या. घरच्या मैदानावर यामागाताविरुद्ध १-० अशी आघाडी होती. तिकडे नीगातात टोकियो जिंकला, पण ओइताने हीच आघाडी टिकवली तर त्याचा उपयोग नव्हता. नव्वद मिनिटं संपता संपता यामागाताला फ्री किक मिळाली आणि तात्सुमा योशिदाने ती थेट जाळ्यात मारली. (हाच योशिदा पुढे सिंगापूरच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.) अजून जादा वेळ बाकी होता. तिथे ओइताचा एक गोल झाला असता तर दोन गुण मिळून ओइताचेही टोकियोइतके ६४ झाले असते. गोल झालाच नाही. ६३ वर थांबलेल्या ओइताला वर जायला २००२चा हंगाम उजाडावा लागला.

तळाला कोफू होता, आणि पुढची दोन वर्षंही तिथेच राहिला. क्लब बंद पडायची वेळ आली होती. त्याच कोफूने २०२२ मध्ये जे-टूत असताना सम्राट चषक जिंकला. नीगाताची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली: विश्वचषकासाठी बांधलेलं मोठं स्टेडियम मिळालं आणि २००३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असूनही त्याच्या सामन्यांना सरासरी तीस हजारांवर माणसं येत होती. या क्लबने सिंगापुरातही संघ काढला. तिथून अराता इझुमी भारतात आला, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळला, पुढे भारताचा नागरिक होऊन राष्ट्रीय संघातही उतरला. महिंद्रा युनायटेड हा कंपनीचा संघ २०१०ला बंद झाला, हे जाता जाता.

ओइताच्या त्या सामन्यानंतर सहाच दिवसांनी पहिल्या श्रेणीचा निकाल लागला. तिथे टिकायला उरावा रेड्सला नव्वद मिनिटांतच जिंकायला हवं होतं. मासाहिरो फुकुदाचा विजयी गोल आला तो जादा वेळेत. दोन गुण मिळाले, पण हवे होते तीन. देशातला सर्वांत मोठा चाहतावर्ग असलेला क्लब त्यामुळे २००० साली तोसू, कोफू, मितोच्या मैदानांवर खेळायला आला.