टाय रॉडचा एक आटा

पावसाळ्यात चाक खड्ड्यात आदळलं की आपण खाली वाकून टायर आणि रिम बघतो आणि गाडी पुढे काढतो. खरा मार पुष्कळदा त्यामागच्या टाय रॉडला बसलेला असतो. स्टिअरिंग फिरवलं की रॅक, म्हणजे त्याला जोडलेली दातेरी पट्टी, डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांचे हे रॉड पुढची चाकं वळवतात. रॉडच्या बाहेरच्या टोकाला असतो टाय रॉड एंड: एक पोलादी गोळा आणि त्याला घट्ट धरणारी वाटी. आपल्या खुब्यातल्या उखळी सांध्यासारखीच रचना. चाक खाली-वर झालं, वळलं, तरी जोड सुटत नाही. वरचा रबरी बूट फाटला की मात्र पाणी आणि बारीक वाळू ग्रीसमध्ये शिरते, आणि गोळ्याला जपणारं वंगणच त्याला घासू लागतं.

तपासणी सोपी आहे. चाक उचलून गाडी जॅक स्टँडवर टेकवा. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी चाक धरून हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला ‘टक्’ जाणवली तर टाय रॉड एंड गेला. बारा आणि सहाच्या जागी धरल्यावरच हलत असेल, तर संशय बेअरिंग किंवा लोअर बॉल जॉइंटवर (चाकाला खालून धरणाऱ्या, अशाच गोळा-वाटीच्या सांध्यावर) घ्यायचा.

हा भाग घरी बदलता येतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र गाडीखाली हात घालू नका. स्टँड हवाच, मागच्या चाकांना अडण हवी. अडचण येते ती गोळ्याचा दांडा चाकाच्या नकलमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासह वळतं त्या भागातून, सोडवताना. नट काढला तरी तो हलत नाही, कारण त्याला नटने धरलेलंच नसतं. दांडा निमुळता, भोकही तसंच निमुळतं. नट फक्त दांड्याला आत ओढून बसवतो. पुढे घर्षणच त्याला धरून ठेवतं. म्हणून दांड्याच्या टोकावर ठोकून फारसा उपयोग होत नाही, उलट आटे चेपतात. पुलर, म्हणजे दांडा दाबून बाहेर काढणारं हत्यार, लावणं उत्तम. तो नसेल तर नट दोन-तीन आट्यांवर ठेवून नकलच्या भोकाभोवतालच्या जाड भागावर बाजूने हातोडीचे जोरदार घाव घालावेत. घावासरशी भोकाचा गोल क्षणभर किंचित बदलतो, पकड सुटते आणि दांडा एकदम खाली येतो. नवा बसवताना हेच उलटं लक्षात ठेवायचं: भोक आणि दांडा कोरडे, स्वच्छ हवेत. तिथे ग्रीस लावू नये. नट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे न घेता थोडा पुढेच आवळावा.

आता मोजमाप. टाय रॉड एंड रॉडवर आट्यांनी बसतो आणि चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलेलं राहील, तो कोन याच आट्यांवर ठरतो. समजा, आट्यांमधलं अंतर १.५ मि.मी. आहे आणि नकलचा हात (टाय रॉड जिला जोडतो ती पुढे आलेली दांडी) १३० मि.मी. लांब आहे. एक फेरा कमी-जास्त झाला की कोन साधारण ०.६६ अंशाने बदलतो. गाडी सरळ चालताना दोन्ही चाकं तो वाटून घेतात, प्रत्येकी ०.३३ अंश. किरकोळ वाटतो ना? पण या हिशोबाने प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे पावणेसहा मीटर आडवा घासला जातो. अशा टायरवरून तळहात आडवा फिरवा: एका बाजूने गुळगुळीत लागतो, उलट फिरवला की करवतीसारखा टोचतो. म्हणून जुना काढताना लॉक नटच्या (टाय रॉड एंड रॉडवर फिरू न देणाऱ्या नटच्या) जागी खूण करा, फेरे मोजा आणि नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवा. तरीही नव्या भागाची लांबी जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून अलाइनमेंट करावंच लागतं. गाडी तिथपर्यंत नीट पोचावी, एवढंच फेरे मोजण्याचं काम.

रॉड वाकला असेल तर तो गॅसवर तापवून सरळ करून घेऊ नका. असं करून देणारे भेटतात, पण तापवल्याने पोलादावर केलेली उष्णता-प्रक्रिया बिघडते आणि वाकलेल्या जागी बारीक तडा असेल तर तो डोळ्याला दिसत नाही. नकलचा हात वाकला असेल तर अलाइनमेंटवाल्याचाही इलाज चालत नाही. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं: २.४ मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी ५ मीटर त्रिज्येत वळताना आतलं सुमारे २९ अंश, बाहेरचं २३. हा फरक त्या हाताच्या तिरकेपणातून येतो. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्याची ही कल्पना. १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमान यांनी तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचं लागलं. तो तिरकेपणा बिघडला तर टाय रॉडचे कितीही आटे फिरवा, सरळ रस्त्यावरचा कोन जुळेल, वळणावरचा नाही. तिथे नकलच बदलावी.

अलाइनमेंटवाल्याने रॉड फिरवून कोन जुळवला की गाडी रॅम्पवरून उतरण्याआधी दोन गोष्टी स्वतः बघा. लॉक नट पुन्हा आवळला आहे ना, आणि रॉडबरोबर फिरून रॅकच्या रबरी बूटला पीळ तर पडला नाही ना. पीळ पडलेला बूट लवकर फाटतो आणि मग पाणी थेट रॅकमध्ये शिरतं. रॅक बदलणं घरच्या हत्यारांचं काम नाही.