मोतीबिंदूचं ऑपरेशन, सर्जन आणि नवा चष्मा: आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात रोज दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "ऑपरेशन कोणाकडे करू?" दुसरा ऑपरेशन झाल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, काळा गॉगल लावून: "नवा चष्मा आजच बनवायला टाकायचाय, रविवारी लग्नाला जायचंय." दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत आणि काउंटरवर उभ्या उभ्या नीट सांगता येत नाहीत, म्हणून हा कागद. घरी निवांत वाचा, घरातल्या थोरल्यांना वाचून दाखवा.

पहिल्या प्रश्नावर आम्ही एकच एक नाव सांगत नाही. त्यावरून काही जण रुसतात. पण चष्म्याच्या दुकानाने पेशंट पाठवायचा आणि तिकडून पाकीट यायचं, हा प्रकार आमच्या धंद्यात कोणी ऐकलेला नाही असं नाही. आम्ही त्यात नाही, आणि नाव घेतलं की तसा संशय येतोच. त्यापेक्षा डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो.

पाटीवरची अक्षरं

एमबीबीएसनंतर डोळ्यांच्या विषयातलं एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस, यातलं काहीही असलं तरी ते डोळ्यांचे डॉक्टरच. डीओएमएस हा डिप्लोमा आहे म्हणून नाक मुरडू नका. जुन्या पिढीतले कितीतरी पक्के हात त्याच शिक्षणातून आले. ऑप्टोमेट्रिस्ट मात्र वेगळे. ते नंबर काढतात, तपासणी करतात, ऑपरेशन करत नाहीत. आमच्याकडे नंबर काढतात ते ऑप्टोमेट्रिस्ट, त्यांना "डॉक्टर" म्हणून ऑपरेशनची तारीख मागू नका.

खरा प्रश्न पुढचा: "साहेब, तुमचं पुढचं शिक्षण डोळ्याच्या कोणत्या भागाचं?" डोळा एवढासा, पण पडदा (आतल्या मागच्या बाजूचा, ज्यावर चित्र उमटतं), बुबुळ, काचबिंदू, लहान मुलांचे डोळे यांचं फेलोशिपचं शिक्षण निरनिराळं असतं. मोठमोठ्या संस्थांची घडणसुद्धा त्यावरून दिसते. चेन्नईला १९७८ साली शंकर नेत्रालय उभं करणारे डॉ. बद्रीनाथ पडद्याचे सर्जन. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद संस्था उभारणारे डॉ. गुल्लपल्ली राव बुबुळाचे, त्यामुळे नेत्रदान आणि बुबुळ बसवणं हे तिथलं मोठं काम. तुम्हाला बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, तर मोतीबिंदू काढण्याआधी पडदा पाहिला जाणार का, हे विचाराच. पडदाच खराब असेल तर आतली लेन्स कितीही भारी बसवा, दिसायचं तेवढंच दिसतं. मग ते गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन चष्म्याला दोष देतं.

"स्वस्तात करतात, म्हणजे कच्चं काम असेल का?"

नाही. मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामींची बोटं ऐन तिशीत संधिवाताने वाकडी झाली. त्याच बोटांनी ते ऑपरेशन करायला शिकले. सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी ११ खाटांवर अरविंद हॉस्पिटल सुरू केलं. तिथली रीत अशी की पैसे देणारा आणि फुकटचा, दोघांना तेच सर्जन पाळीपाळीने तपासतात. फरक खोलीत आणि सोयींत, हातात नाही. डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून महाग यायची, म्हणून १९९२ पासून ती स्वतःच्या कारखान्यात बनवायला घेतली. आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे: लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने. मुंबईच्या सरकारी जे.जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांतून त्यांनी लाखावर डोळे उघडले, २००८ साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा दर पाहून सर्जन तोलू नका. विचारायचं ते हे: ऑपरेशन स्वतः कोण करणार, आणि नंतर मला कोण, कधी, किती वेळा बघणार? या प्रश्नावर जे डॉक्टर वैतागत नाहीत, ते आम्हाला आवडतात.

घाई कुठे महागात पडते

आता दुसरा प्रश्न, नवा चष्मा कधी करायचा, ज्यापायी तुमचे पैसे आणि आमचा वेळ जातो. त्याचं उत्तर ऑपरेशन कोणत्या पद्धतीने झालं यावर आहे.

"लेझरने केलंय" असं दहातले आठ जण सांगतात. बहुतेकांचं फेको असतं, आणि फेको म्हणजे लेझर नव्हे. न्यूयॉर्कच्या डॉ. केलमन यांना दात साफ करायच्या यंत्रावरून ती युक्ती सुचली; १९६७ पासून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेतात. छेद अडीच-तीन मिलिमीटरचा. दुसरी पद्धत हाताने मोतीबिंदू अख्खा बाहेर काढायची, तीही बहुधा बिनटाक्याचीच, पण छेद सहा-सात मिलिमीटर. नेपाळचे डॉ. सान्दुक रुइत यांनी डोंगराळ मुलखात हजारोंचे डोळे याच पद्धतीने उघडले. हाताची म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही, फार पिकलेल्या मोतीबिंदूला कित्येक सर्जन आजही तीच पसंत करतात. (आणि "अजून पिकला नाही, थांबू या" ही समजूत सोडा. फेकोला पिकलेला मोतीबिंदूच जास्त त्रास देतो.)

छेद भरून येताना बुबुळाचा गोलावा बदलत राहतो, म्हणून सिलिंडरचा नंबर (गोलावा सगळीकडे सारखा नसला की लागणारा, ठरावीक कोनातला) हलतो. छेद मोठा तर जास्त हलतो, जास्त दिवस हलतो. सातव्या दिवशी नंबर काढायच्या मशिनच्या चिठ्ठीवर सिलिंडर दोन आला आणि दीड महिन्याने पाऊण राहिला, असं सर्रास होतं. त्या सातव्या दिवशीच्या चिठ्ठीवर चष्मा केला तर पायरी तिरकी दिसते, डोकं धरतं, आणि तुम्ही म्हणता, "तुमचा चष्मा चुकला."

चष्मा चुकलेला नसतो, तारीख चुकलेली असते. फेकोनंतर साधारण महिना, मोठ्या छेदानंतर सहा आठवडे, पण शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. त्यांनी कार्डावर "चष्म्याचा नंबर द्यावा" असं लिहिल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान असं आम्हाला हिणवतात, चालेल. सिलिंडरची काच तुमच्या कोनातच घासलेली असते. ती परत घेऊन दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही, म्हणून बदलून देता येत नाही.

मधल्या महिन्याची सोय आहे. जुन्या चष्म्यातली ऑपरेशनच्या बाजूची काच काढून बिननंबरची काच बसवून देतो, फिटिंगचे पैसे घेत नाही. वाचायला तयार चष्मे काउंटरवर असतात, शंभर-दोनशेत काम भागतं. दुसऱ्या डोळ्याला मायनस पाच-सहा नंबर असेल तर मात्र दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत, चक्कर आल्यासारखं होतं. अशांनी दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल सर्जनशीच बोलावं.

सर्जनला स्वतःहून सांगा

तुमचं काम काय ते. शिवणकाम, सराफी, रात्रीचं ड्रायव्हिंग, दिवसभर कॉम्प्युटर. रात्री गाडी चालवणाऱ्याला मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) लेन्स बसवली तर समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. म्हणून काही सर्जन महाग लेन्स मागूनही देत नाहीत. तो कंजूसपणा नव्हे, उलट असा डॉक्टर धरून ठेवा. साधी लेन्स लांबच्या नजरेसाठी बसवली की वाचायला चष्मा लागणारच, "ऑपरेशन करूनही चष्मा?" याचं उत्तर एवढंच आहे. लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तेही सांगा. काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली सैल पडते. आधी कळलं तर सर्जन तयारीत राहतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

दुखणं, वाढती लाली, एकाएकी नजर कमी होणं, यातलं काही झालं तर आमच्याकडे येऊ नका. त्याच दिवशी सर्जनकडे जा.

येताना काय आणायचं

डिस्चार्ज कार्ड. त्यावर लेन्सच्या डबीतलं स्टिकर चिकटवलेलं असतं, पॉवर आणि सीरियल नंबर असलेलं. ते फाडू नका, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुना चष्मा, फुटका असला तरी. आणि सर्जनने लिहून दिलेला नंबर. तो नसेल आणि सर्जनने चष्म्यासाठी सांगितलेली तारीख उलटून गेली असेल, तर आमच्याकडे मोफत काढून देतो. त्यासाठी सकाळी या, दुपारी उन्हातून आल्यावर नको. फ्रेम जुनीच चालत असेल तर तसं सांगू, नवी घ्या म्हणून मागे लागणार नाही. नव्या बऱ्याच आल्या आहेत, बघून जायला हरकत नाही.