बॉम्ब सापडला की कुत्रा भुंकतो?

मुंबई पोलिसांच्या झंजीर या बॉम्बशोधक कुत्र्याची आठवण निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्यानं भुंकून भुंकून पोलिसांना सावध केलं!’ 1993च्या स्फोटांनंतर या लॅब्राडोरनं 3,329 किलो आरडीएक्स हुडकून दिलं, हे खरं. भुंकण्याचं मात्र सिनेमातलं.

बॉम्बशोधक कुत्र्याला शिकवतात ते नेमकं उलटं. वास लागला की गप बसायचं. भुंकायचं नाही, पंजा तर मुळीच मारायचा नाही. बॉम्ब कशानं उडेल याचा काय नेम? बेवारस बॅगेशी नाक थबकतं, श्वास भराभर होतो, शेपटी ताठ होते आणि कुत्रा बसकण मारून हँडलरकडे, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाकडे बघतो. एवढाच इशारा. तो ओळखायला रोजचा सहवास लागतो, म्हणून कौतुकात हँडलरचा वाटा निम्मा तरी धरायला हवा. (कुत्र्याच्या लेखी बॉम्ब वगैरे काही नसतं, बक्षिसाचा चेंडू असतो.)

आणि झंजीर स्फोटात ‘शहीद’ही झाला नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये तो हाडांच्या कर्करोगानं गेला. पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला.