जुन्या नकाशावरील फर्मचे नाव कसे वाचावे

सन्माननीय ग्राहक,

दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या मुंबईतील जुन्या इमारतींच्या सोसायट्यांकडे मूळ नकाशाची एखादी जीर्ण फेरो प्रत (ब्लूप्रिंट) बहुधा असतेच. ती उलगडताच पहिला प्रश्न येतो तो खालच्या कोपऱ्यातील नावाचा : ही वास्तुविशारदांची फर्म आज कुठे आहे, आणि नसेल तर तिचे कागद कोणाकडे गेले? त्याचे उत्तर फर्मच्या भागीदाऱ्यांच्या इतिहासात असते.

ग्रेगसन, बॅटली अँड किंग ही मुंबईतील फर्म घ्या. तिच्यातील क्लॉड बॅटली यांचा जन्म इंग्लंडमधील इप्सविचचा, 1879 चा. 1913 च्या सुमारास ते मुंबईत आले, आणि पुढे व्यवसाय सांभाळत असतानाच 1923 ते 1943 अशी वीस वर्षे सर जे. जे. कलाशाळेतील वास्तुकला शिक्षणाची धुराही त्यांनी वाहिली. चर्चगेटचे ब्रेबॉर्न स्टेडियम, जिची कोनशिला मे 1936 मध्ये बसली आणि डिसेंबर 1937 मध्ये जिचे उद्घाटन झाले ती वास्तू, या फर्मच्या नावावर आहे. अपोलो बंदरजवळचा धनराज महालही तिचाच. मुंबई सेंट्रल स्टेशन (1930) किंवा मलबार हिलवरील जीनांचा बंगला (1936) यांच्याबाबत मात्र लोक एकट्या बॅटलींचेच नाव घेतात. त्यामुळे कागद शोधताना व्यक्तीचे आणि फर्मचे, अशी दोन्ही नावे पाहावी लागतात. बॅटली 1956 मध्ये निवर्तले, पण फर्मच्या नावातून त्यांचे आडनाव गेले नाही.

असे का होते, हे भागीदारीच्या कायद्यावरून कळते. भागीदारी फर्म ही भागीदारांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती नसते, आणि 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणून उरलेले भागीदार नवा करारनामा करतात. नाव बदलायचे की जुन्या नावाची पत राखायची, हा निर्णय त्यांचा असतो. आणि पत राखण्याचा निर्णय झाला, तर पाटीवरची माणसे हयात नसतानाही पाटी चालू राहते. काही ठिकाणी पुढची पिढी त्याच नावाखाली दाखल होते : पेरिन मिस्त्री यांनी 1936 मध्ये जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली आणि त्या वडिलांच्या डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार या फर्ममध्ये आल्या. त्या काळी आडनाव वाचून ही मिस्त्री कोण, हे कोणत्याही ग्राहकाला कळले नसते.

उलटही घडते, म्हणजे आराखडा करणाऱ्याचे नाव मागे पडते. ताजमहाल हॉटेलचा (1903) आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, पण काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले, आणि बरीच वर्षे बोलबाला त्यांचाच राहिला. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात 'काढणारा' आणि 'तपासणारा' या रकान्यांत जी बारीक आद्याक्षरे असतात, तीही आम्ही टिपून ठेवतो.

एका कामात आमचीच चूक झाली. प्रतीचा कोपरा फाटलेला होता आणि '...अँड किंग' एवढेच उरले होते. आम्ही 'किंग' या नावाखाली नोंदी चाळत जवळपास महिना घालवला. नोंदवह्या फर्मच्या पहिल्या आडनावावर लावलेल्या असतात, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. नकाशा 'ग्रेगसन'खाली मिळाला, आणि मग गच्चीखालचा एक बीम नंतर वाढवलेला आहे हेही त्याच कागदावरून कळले. तोवर सोसायटीचा पावसाळा वाया गेला होता.

आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. स्वतःला वास्तुविशारद म्हणवण्यासाठी नोंदणीची अट 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने आली. त्यापूर्वीच्या नकाशांवर नोंदणी क्रमांक दिसला नाही, तर नकाशा बनावट आहे असे कृपया समजू नये.

भेटीस येताना फेरो प्रत घडी न घालता, गुंडाळी करूनच आणावी. तिला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. प्रत फार ठिसूळ झाली असेल तर ती जागीच राहू द्यावी आणि कोपऱ्यातील नाव, तारीख, प्रमाण (बहुधा एका इंचाला आठ फूट) आणि आद्याक्षरे यांचे स्पष्ट छायाचित्र आम्हांला पाठवावे.