तरोटा की कासोंदा? तोडण्याआधी पान मोजा

मृगाचे दोन-तीन पाऊस पडले की रात्री भाकरीसोबत काय करायचं हा प्रश्न आमच्याकडे महिनाभर तरी मिटतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या गोठ्यामागं तरोटा हा रानातला पाला निघतो. ना पेरायचा, ना विकत आणायचा. फक्त ज्या धुऱ्यावर तणनाशक मारलंय तिथला सोडून द्यायचा.

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून आलेली भाची हौसेनं टोपलंभर भाजी तोडून घेऊन आली. शेजारच्या काकूंनी ती ओसरीवर पसरली, त्यातल्या चार डहाळ्या बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, "हा तरोटा नाई व बाई, हा कासोंदा हाय."

"पण मामी, दोन्ही सारखेच तर दिसतात!" भाची माझ्याकडं वळून म्हणाली.

दिसतातच. दोन्ही एकाच कुळातले, एकाच पावसात उगवणारे, दोघांची फुलं पिवळी, दोघांना शेंगा. वनस्पतीशास्त्रात तरोटा म्हणजे सेन्ना टोरा आणि कासोंदा म्हणजे सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. त्यात नावांनी आणखी घोळ घातला आहे. आपला तरोटा कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात टाकळा होतो. कासोंद्याला कुठं कासविंदा म्हणतात, तर कुठं चक्क रानटाकळा. रानटाकळा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार, टाकळ्याचाच रानातला प्रकार, मग खायला काय हरकत!

ओळखायचं ते पानावरून. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या साधारण तीन जोड्या, म्हणजे सहा पानं. प्रत्येक पान टोकाकडं रुंद आणि गोल, देठाकडं निमुळतं, चमच्यासारखं. लांबून पाहिलं तर भुईमूगच वाटतो, पण भुईमुगाला दोनच जोड्या असतात. कासोंद्याला चार ते सहा जोड्या, आणि पान टोकाला अणकुचीदार. म्हणजे गोल टोक आणि तीन जोड्या असतील तर टोपल्यात, टोकदार पान आणि चौथी जोडी दिसली तर धुऱ्यावरच राहू द्या. तरीही शंका राहिली तर देठ नीट पाहा. तरोट्याच्या देठावर पानांच्या खालच्या जोड्यांच्या मध्ये काडीसारखी बारीक गाठ असते. कासोंद्याची गाठ देठाच्या अगदी बुडाशी, खोडाला लागून.

वासावर मात्र जाऊ नका. "कासोंद्याला घाण वास येतो" असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, पण तरोट्याचं पान चुरगळून पाहा, तोही काही मोगरा नाही. उंचीचाही भरवसा नाही. कासोंदा पुढं माणसाएवढा होतो, तरोटा गुडघ्या-कमरेपर्यंत, पण भाजी तोडायची ती वीतभर रोपांची, तेव्हा दोघं बरोबरीचेच. आणि तोडायला सकाळीच जा. संध्याकाळी दोघांचीही पानं मिटतात, मग जोड्या मोजत बसायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. रात्रीची भाजी असली तरी तोडणी सकाळची.

आता कासोंद्याला एवढं भ्यायचं का? काही भागांत त्याचीही कोवळी पानं उकडून खातात. पण बियांचं विष भयंकर आहे, आणि ते कळायला फार उशीर लागला. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळा सरला की लहान मुलं अचानक बेशुद्ध होत आणि दगावत. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिलं की मुलांनी खेळता खेळता कासोंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या, आणि त्या विषानं यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाला घातला होता. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात मुलं दगावली तेव्हाही बोट याच झाडाकडं गेलं. तिथं तरोट्याला चकुंडा म्हणतात आणि कासोंद्याला बण चकुंडा, म्हणजे रानचकुंडा. नावाची तीच गफलत!

म्हणून माझं म्हणणं, खरी भीती जुलैतल्या भाजीत कमी आणि दिवाळीच्या आसपासच्या शेंगांत जास्त. तरोट्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासोंद्याची चपटी, तपकिरी आणि कडेला फिकट पट्टी असलेली. पोरं भातुकलीत याच शेंगा सोलतात. अंगणात, शाळेच्या कुंपणाला कासोंदा दिसला तर फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचा. तरोट्याचं बी मात्र भाजून कॉफीसारखं उकळून पिणारे लोक आहेत. आमच्या घरी कुणी पीत नाही, चहा सुटत नाही.

भाजीला फूल येण्याआधीचे कोवळे शेंडेच घ्यायचे. पोळ्यापर्यंत तरोटा फुलावर येतो, मग पान चरबट लागतं. मूठभर हरभऱ्याची डाळ दुपारीच भिजत टाका. शेंडे तीन पाण्यांत धुऊन गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळा, पाणी फेकून द्या आणि पाला घट्ट पिळून बारीक चिरा. हे पाणी ठेवायचा मोह नको, कडवटपणा त्यातच उतरतो. मग फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल सढळ हातानं, ठेचलेला लसूण, चार-पाच लाल मिरच्या, भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की डाळ, पाण्याचा हबका मारून झाकण. डाळ बोटानं दाबल्यावर फुटली की पाला आणि मीठ घालून, झाकण न ठेवता पाणी आटेपर्यंत परता. सोबत ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडीच घ्यावी, ही भाजी पोट ढिलं करते.

त्या रात्री टोपल्यातली अर्धीच भाजी शिजली. बाकीची भाची कंदिलाखाली निवडत बसली होती, पण पानं केव्हाच मिटली होती.

"मामी, ह्यात चौथी जोडी आहे की नाही, कळतच नाहीये."

"मग ते टाक," मी म्हटलं, "आणि उद्या सकाळी काकूंसोबत जा."